१५० मिग्रॅ/मिलीला पीएच सरकतोय आणि द्रावण घट्ट होतंय, काय करू?

प्राजक्त०७: मी फॉर्म्युलेशनमध्ये नवीन आहे, वर्षच झालंय. आयजीजी१ अँटिबॉडी आहे, त्वचेखाली द्यायची, १ मिलीत सगळा डोस बसवायचाय म्हणून १५० मिग्रॅ/मिली. हिस्टिडीन बफर पीएच ६.० चा, टीएफएफवर (अँटिबॉडी आत अडवणाऱ्या मेम्ब्रेनच्या गाळणीवर) त्याच बफरने धुतो तरी शेवटी ६.३ येतोय, तीनदा केलं, मीटरपण कॅलिब्रेट केला. आणि ५० ला पाण्यासारखं असलेलं हे १५० ला पाक धरल्यासारखं होतं, २७ गेजच्या सुईतून ढकलताना अंगठा दुखतो. कुणाला अनुभव आहे का?

जुनाटीएफएफवाला: मीटर बरोबर आहे रे तुझा. पीएच ६ ला अँटिबॉडीवर धन चार्ज असतो आणि ती मेम्ब्रेनच्या पलीकडे जात नाही, मग धन चार्जवालं हिस्टिडीन आणि प्रोटॉन बाहेर ढकलले जातात, यालाच डोनन इफेक्ट म्हणतात. शिवाय एवढं प्रोटीन स्वतःच जागा अडवतं. म्हणून आत हिस्टिडीन किती उरलंय तेही मोज, २० मिलिमोलरने धुतलंस तरी आत २० नसणार. धुण्याचा बफर मुद्दाम ५.७ च्या आसपास ठेवून बघ.

घट्टपणाचं म्हणशील तर १०० च्या वर तो झपकन चढतो, रेणू इतके जवळ येतात की एकमेकांना धरून बसतात. आर्जिनिन हायड्रोक्लोराइड १०० ते १५० मिलिमोलर घालून बघ, बऱ्याच अँटिबॉडींना लागू पडतं, सगळ्यांना नाही. अँटिबॉडी टिकवायला घातलेली साखर तेवढी कमी कर, नाहीतर ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) ३०० च्या बरीच पुढे जाईल आणि साखरेने घट्टपणा वाढतो तो वेगळाच. पॉलिसॉर्बेट (प्रोटीनच्या गुठळ्या होऊ न देणारा साबणासारखा पदार्थ) मात्र सगळ्यात शेवटी, आधी घातलंस तर मेम्ब्रेन अडवतं आणि नक्की किती आहे ते कळत नाही.

रेवा_क्यूसी: +१. आणि पॉलिसॉर्बेट घातलं म्हणजे झालं असं नाही हं, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींमधून आलेले लायपेज (चरबी तोडणारी एन्झाइम्स) अगदी किंचित उरले तरी पॉलिसॉर्बेट हळूहळू तोडतात, मग फॅटी अ‍ॅसिडचे कण दिसायला लागतात, तेही महिन्यांनी. शुद्धीकरणवाल्यांशी आत्ताच बोलून ठेव.

सोनचाफा: मी तुमच्या क्षेत्रातली नाही, मणक्याच्या संधिवातासाठी अ‍ॅडॅलिमुमॅब घेते. आधी ४० मिग्रॅ ०.८ मिलीत यायचं, त्यात सायट्रेट होतं, इतकं झोंबायचं की आदल्या रात्रीपासून धडधड. मग तेच ४० मिग्रॅ ०.४ मिलीत, सायट्रेटशिवाय आलं आणि आता मी स्वतःच टोचून घेते. तेवढं बघा प्लीज.

प्राजक्त०७: ताई, पर्यायी बफर म्हणून सायट्रेट होतं आमच्या यादीत, काढायला सांगतो. दादा, ५.७ चा बफर उद्या सकाळीच बनवतोय, आकडे इथेच टाकतो.