ऑफिसात रीफ टँक स्वतः बांधायचाय – शनिवार-रविवारचं काय करायचं?

एरंडवण्याचा_ताळेबंद

नमस्कार मंडळी,

आमचं एरंडवण्यात सीएचं छोटं ऑफिस आहे. दुसरा मजला, ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग, माणसं चौदा. सर एका क्लायंटकडे समुद्राच्या पाण्याचा, पोवळी-माशांचा टँक (रीफ टँक) बघून आले आणि तेव्हापासून रिसेप्शनला तसाच हवा म्हणून धोशा लावलाय. टँक लावून देणाऱ्याचं कोटेशन बघितल्यावर सरांचाच रंग उडाला. मग "तुझ्याकडे मासे आहेत ना घरी, तूच कर" म्हणून प्रकरण माझ्या गळ्यात. माझ्याकडे गप्पी आणि एंजल आहेत, तेही गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्यात मी हातसुद्धा घातलेला नाही.

ठरलंय ते असं: तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. काच ओळखीच्या काचवाल्याकडून कापून घेणार, स्टँड फॅब्रिकेटर करून देईल. बजेट सव्वा लाख.

दुसऱ्या मजल्यावर वजन झेपेल का? शनिवारी दुपारी दोनला कुलूप लागतं ते सोमवारी दहाला उघडतं, एसी बंद, एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होते, त्याचं काय? सासुरवाडी मालवणची आहे, तिथून पाणी, दगड, पोवळी आणली तर स्वस्तात होईल का? आणि सप्टेंबरात ऑडिटच्या धबडग्यात इथे कुणाला चहा प्यायला फुरसत नसते, तेव्हा टँक कोण बघणार? सरांना दसऱ्याला उद्घाटन करायचंय.

खारवट

मुंबई-ठाण्यात ऑफिसांतले खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळणं हाच माझा धंदा आहे, तेव्हा जरा लांबण लावतो.

वजनाचं आधी उरकू. तुमच्या मापाच्या टाकीत काठोकाठ १९० लिटर मावतं, दगड-वाळू गेली की १६५-१७० धरा. सम्पमध्ये, म्हणजे स्टँडमधल्या खालच्या छोट्या टाकीत, पन्नासेक. दहा मिलिमीटरची काच चाळीस-बेचाळीस किलो, वर सम्पची काच, दगड, वाळू, लोखंडी स्टँड. सगळं मिळून साडेतीनशे ते चारशे किलो. पाच-सहा माणसं कोपऱ्यात गप्पा मारत उभी राहिली तर तेवढंच होतं, फरक इतकाच की ही माणसं तिथून कधी हलत नाहीत. म्हणून टाकी स्लॅबच्या मधोमध नको, बीमवर येणाऱ्या भिंतीलगत लांब बाजू लावा. स्टँडच्या पायांखाली चारही बाजूंनी चौकट फिरवा, नुसते चार पाय टेकवू नका. बिल्डिंग जुनी आहे, तर सरांच्या ओळखीतल्या एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच. सीएच्या क्लायंटांत एक तरी असतोच.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसचा टँक ऑफिसच्या वेळेसाठी बांधायचा नसतो, तो कुलूप लावल्यावरच्या वेळेसाठी बांधायचा असतो. तुमच्याकडे ते आहेत ४४ तास. चालू दिवसात काही बिघडलं तर कुणीतरी ओरडतं. ४४ तासांत ओरडायला कुणी नाही. टँकमधली प्रत्येक वस्तू विकत घेताना एवढंच विचारायचं: ही शनिवारी दुपारी तीनला बंद पडली तर सोमवारी काय दिसेल?

सुरुवात सम्पपासून. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोतून, म्हणजे वरच्या पातळीला ठेवलेल्या निचऱ्यातून, खाली सम्पमध्ये उतरतं, तिथे स्किमर त्यातली घाण फेस करून काढतो आणि पंप पाणी परत वर ढकलतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी उतरतच राहतं. तुमच्या टाकीत पाण्याचा एक इंच म्हणजे साडेदहा लिटर. रिटर्न पाइपाचं तोंड पाण्यात सहा इंच खोल ठेवलंत तर उलटा सायफन लागून साठ लिटर खाली येणार आणि सोमवारी फायली वाळत घालायच्या. तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा. सम्प चोवीस बाय चौदा बाय सोळा इंचांचा करा आणि चालू असताना त्यात नऊ इंचच पाणी ठेवा, म्हणजे वर ३५ लिटरांहून जास्त जागा रिकामी राहते. पाइपाला सायफन तोडायला भोक पाडतात, ते पाडा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शेवाळाने ते हमखास बुजतं.

चाचणी गोड्या पाण्यावर करायची. पंप लावा, पातळी स्थिर झाली की सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारा. मग मेन स्विच बंद करा आणि बघत उभे राहा. आधी धबाधबा येईल, मग ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांवरून नुसते थेंब, पण पाइपातून पाणी ओढलं जातच असेल. पाइपाचं तोंड उघडं पडून गुळ्ळ असा आवाज आला की हवा शिरली, सायफन तुटला. आता सम्पमध्ये पाणी जिथवर चढलं तिथे दुसरी रेघ. ती काठाच्या दोन इंच तरी खाली हवी. ही दुसरी रेघ दिसेपर्यंत मिठाची पिशवी फोडू नका.

काचेचं: ओव्हरफ्लोचं भोक काच जोडायच्या आधी पाडून घ्या. टफन्ड काचेला भोक पडत नाही, ती थेट चुरा होते. काचवाला बाथरूमला वापरतो ते बुरशीरोधक सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं औषध माशांना विष आहे. मत्स्यालयासाठीचंच घ्या, जोडल्यावर आठवडाभर वाळू द्या. टाकीखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घाला. स्टँडला पावडर कोटिंग कराच, खारं पाणी लोखंडाला चार महिन्यांत खातं.

बाष्पीभवन हा दुसरा शत्रू. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणजे दर तासाला खारटपणा चढतो. तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६ राहायला हवा. त्यासाठी सम्पमध्ये सेन्सर आणि शेजारी आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा जार, पातळी उतरली की छोटा पंप आपोआप भर घालतो. आरओची लाइन थेट जोडायचा मोह होईल. जोडू नका. सेन्सर अडकला तर जारमधून फार तर वीस लिटर येईल, खारटपणा ३२ पर्यंत उतरेल, मासे जगतील. थेट लाइन मात्र रात्रभर चालू राहील.

आणि ऑफिसच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालत नाही. चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. मेम्ब्रेननंतर वेगळी तोटी काढून पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणारा फिल्टर लावा, टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. नाहीतर फॉस्फेट-सिलिकेट येतं आणि काच तपकिरी होते.

देवबागकर

सासुरवाडी मालवण म्हणजे आमचे जावईच की. जावईबापू, दगड आणि पोवळ्यांचा विचार सोडा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालीच सगळी कठीण प्रवाळं घातली आहेत. काळं पोवळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे, सोबत समुद्रघोडेही. वाघाला जी अनुसूची, तीच यांना. "किनाऱ्यावर मेलेलं पडलं होतं" हे कारण चालत नाही, मेलेला तुकडा बाळगणंही गुन्हाच. शिवाय मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग करा, डोळे भरून बघा, हात रिकामे घेऊन या.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे कर्ली खाडी समुद्राला मिळते, काठावरचं पाणी कधी खारट कधी मचूळ. पावसाळ्यात तर गढूळच. होडीने बरंच आत जाऊन आणावं लागेल. दोनशे लिटर पुण्यापर्यंत न्यायच्या डिझेलात मिठाच्या पिशव्या येतील.

ताऱ्यांचा_जोशी

जलतत्त्व ईशान्येला. रिसेप्शन आग्नेयेला असेल तर टँक लावूच नका.

खारवट

जोशीबुवा, ईशान्येला खिडकी असेल आणि सकाळचं ऊन थेट काचेवर येत असेल तर जलतत्त्वाबरोबर शेवाळतत्त्वही येईल. भिंत आणि बीम बघून ठरवू द्या त्यांना.

देवबागकर बोलले ते शंभर टक्के. भर एवढीच की दुकानात मिळणाऱ्या परदेशी कठीण प्रवाळांनाही सायटिसची (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराची) कागदपत्रं लागतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. तुमचं तर सीएचं ऑफिस, बिलाचं महत्त्व मी काय सांगू. पण नवख्याला कठीण प्रवाळं हवीतच कशाला? झोअँथिड, मशरूम, लेदर ही मऊ मंडळी घ्या. ती कॅल्शियमसाठी हटून बसत नाहीत, दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदललं की खूश. त्यांचंही पक्कं बिल घ्या. दगड सिरॅमिकचे किंवा कृत्रिम कोरडे मिळतात.

फेज_न्यूट्रल

इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे, माशांतलं कळत नाही. टँकसाठी वेगळं सर्किट आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर ठेवू नका, स्टँडच्या बाहेर भिंतीवर उंच लावा. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, सॉकेटात जाणार नाही.

पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं असतात, तेव्हा तास-दोन तास वीज गेली तर नवल नाही. पाणी हलवणारा पंप डीसी घ्या आणि ऑफिसच्या इन्व्हर्टरवर टाका, बाकी काही नाही टाकलं तरी चालेल. इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे ना बघा.

एक शंका खारवटांना: चिलर लागतोच का? नुसत्या पंख्यावर भागवलेले बघितलेत मी.

एरंडवण्याचा_ताळेबंद

सगळ्यांचे आभार. वरचा प्रश्न माझाही. सव्वा लाखात चिलर बसवला तर मासे उधारीवर आणावे लागतील. आणि काय काय सोडू टाकीत? सरांना तो नारिंगी-पांढरा पट्ट्यांचा हवाय आणि सोबत निळा.

खारवट

मुंबईत मी चिलरशिवाय टँक लावतच नाही, तिथल्या दमट हवेत पंखा नुसता फिरतो. पुण्याची गोष्ट वेगळी. तुमचा उन्हाळा कोरडा, पाणी भरभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. सम्पवर आणि टाकीवर पंखे लावून तापमान तीन-चार अंशांनी उतरतं. पावसाळ्यात दमटपणा असतो, पण तेव्हा मुळात उकाडा नसतो. तेव्हा पंखे आणि २६ अंशांवर लावलेला कंट्रोलर, यावर सुरुवात करा. पाणी रोज चार-सहा लिटर उडेल, म्हणजे वीस लिटरचा जार शनिवारी भरून जायचं. मात्र रिटर्न लाइनला आत्ताच टी-जोड आणि दोन व्हॉल्व्ह टाकून ठेवा. एप्रिलच्या एखाद्या सोमवारी २९ च्या वर दिसलं की चिलर घ्यायचा, तेव्हा प्लंबिंग तोडावं लागायला नको. पाणी ३०-३१ वर टिकून राहिलं तर प्रवाळं आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. चिलर आलाच तर स्टँडच्या बंद कपाटात कोंबू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो.

मासे: नारिंगी क्लाउनची जोडी चालेल, हॅचरीत वाढलेलीच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने क्लाउनची पैदास केव्हाच जमवली आहे, समुद्रातून ओढून आणलेला घेण्याचं कारण नाही. निळा टँग तीन फुटांत नाही म्हणजे नाही. तो फूटभर वाढतो, सतत पोहणारा आहे. सरांनी कितीही डोळे वटारले तरी नाही. त्याऐवजी फायरफिश घ्या, पण तो उडी मारतो, वर जाळी हवी. सोबत गोबी, एक क्लीनर श्रिंप, काही गोगलगाई. बास.

दोन गोष्टी मात्र छापून टाकीशेजारी चिकटवा. एक, झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते अतिशय जहाल विष आहे. टाकीत हात घालताना हातमोजे, आणि ज्या दगडावर ते वाढलेत तो कधीही उकळायचा किंवा ब्रशने घासायचा नाही, वाफेतून आणि उडणाऱ्या तुषारांतून माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. सफाईच्या मावशींना हे समोर बसवून सांगा, नुसता कागद लावून भागणार नाही.

दोन, पेस्ट कंट्रोल. ऑफिसांत ते नेमकं शनिवारी कुलूप लावायच्या आधी होतं. झुरळाच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं श्रिंपला क्षणात मारतात, मासेही वाचत नाहीत, आणि एअरपंप ती हवा थेट पाण्यात सोडतो. फवारणीऐवजी जेल लावून घ्या. काच पुसायचा निळा स्प्रेसुद्धा कापडावर मारायचा, टाकीवर नाही. रूम फ्रेशनर रिसेप्शनमधून हद्दपार.

खाणं एकाच माणसाने घालायचं. चौदा जण कौतुकाने चिमूट चिमूट टाकतात आणि नायट्रेट वाढतं. पुढच्या वर्षीपासून सप्टेंबरात ऑटो फीडर लावा, गोळ्या मोजून. लाइटला टायमर, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात.

दसऱ्याचं गणित: आता जुलै आहे. ऑगस्टमध्ये काच, गळती, ती दुसरी रेघ. मग साडेसात किलो मीठ विरघळवून दगड टाका आणि माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया बसू द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे. त्या बॅक्टेरियांना खाद्य म्हणून अमोनिया लागतो, त्यासाठी कोलंबीचा तुकडा टाकायची जुनी पद्धत आहे, ती रिसेप्शनला करू नका, शाकाहारी क्लायंट ऑडिटर बदलेल. अमोनियम क्लोराइड वापरा. दसऱ्याला टाकीत दगड, गोगलगाई आणि छान निळा लाइट असेल. मासे दिवाळीची सुट्टी संपल्यावर सोडायचे, नव्या टाकीत नवे मासे घालून चार दिवस कुलूप लावायचं नाही. सरांना हे आत्ताच सांगून ठेवा, निमंत्रणपत्रिका छापायच्या आत.