बाळाचे रांगणे : ठाणे आणि नवी मुंबईतील पालकांचे अनुभव

माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. ती आधाराशिवाय बसते, पालथी पडते, पोटावरच गोल फिरते, पण पुढे सरकत नाही. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत तिच्याच वयाची दोन मुले घरभर रांगतात, त्यामुळे लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण तिच्याविषयी विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या, भारतासह पाच देशांतील मुलांच्या अभ्यासात हात-गुडघ्यांवर रांगू लागण्याचे वय साधारण सव्वापाच ते साडेतेरा महिने इतके मागेपुढे आढळले आणि शंभरांतील चारेक मुले तशी रांगलीच नाहीत, हे वाचून मला धीर आला. तरीही घरात नेमके काय करावे, हे मुले वाढवलेल्यांकडूनच कळते. आपले बाळ कसे रांगू लागले, घरात आपण कोणते बदल केले आणि डॉक्टरांकडे जावे असे केव्हा वाटले, हे कृपया सविस्तर लिहावे.

कोपरखैरणे, बाबा

आमचे घर सिडकोच्या जुन्या वसाहतीत आहे. बाहेरच्या खोलीत दिवाण आणि टीपॉय मांडल्यावर बाळाला पालथे घालण्यापुरतीही जागा उरत नसे, म्हणून मुलगा हातांवर जोर देऊ लागताच आम्ही टीपॉय गॅलरीत हलवला. मग फरशीचा प्रश्न पुढे आला. गुळगुळीत टाइल्सवर पायजम्यातले गुडघे घसरत आणि सतरंजी अंथरली तर ती बाळासकट सरके. अखेर एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया घातल्या आणि मोजे, पायजमा काढून त्याला नुसत्या झबल्या-लंगोटात सोडले, तेव्हा उघड्या गुडघ्यांना आणि पायांच्या अंगठ्यांना पकड मिळाली.

सुरुवातीला तो मागेच जाई. समोरच्या खुळखुळ्याकडे पाहत पाहत त्याच्यापासून दूर जायचा आणि रडायचा. या वयात हातांचा जोर पायांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हातांनी रेटा दिला की शरीर मागे सरकते, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावले. मी त्याच्या तळपायांमागे माझे तळहात नुसते टेकवून धरू लागलो. मी ढकलत नसे. तोच त्यांना रेटून पुढे जाई. ढकललेले मूल तोंडावर आपटते, तर स्वतः रेटा देणारे मूल तोल सांभाळायला शिकते, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

नौपाडा, आजी

घोडबंदरच्या मुली, लिफ्टमधल्या लोकांना उत्तर देण्याचे ओझे तू घेऊ नकोस. माझ्या नातवाला पालथे घातले की तो लगेच आकांत करी. सूनबाईने त्याला आधी स्वतःच्या छातीवर, मग माझ्या मांडीवर आणि मग जमिनीवर पालथे ठेवायला सुरुवात केली. दूध पाजल्यावर लगेच मात्र कधीच नाही, कारण पोटावर दाब येऊन मुले दूध काढतात. त्याला रंगीत खेळण्यांपेक्षा स्टीलची वाटी प्रिय होती. ती मी हाताच्या जरा पुढे ठेवी आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण एक हात उचलून रांगतो त्याच ढबीने तो एका हातावर भार पेलून दुसरा हात पुढे करी. वाटी त्याच्या हाती लागली पाहिजे, हे मी कटाक्षाने पाळले. प्रत्येक वेळी ती आणखी दूर सरकवली तर मूल हिरमुसते आणि प्रयत्न सोडते.

नेरूळ, आई

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि मला जुळे मुलगे आहेत. ते बत्तिसाव्या आठवड्यात जन्मले. पूर्ण दिवसांच्या, म्हणजे चाळीस आठवड्यांच्या मानाने ते आठ आठवडे आधी आले, म्हणून पहिली दोन वर्षे त्यांच्या वाढीचा विचार करताना आम्ही वयातून ते आठ आठवडे वजा करत होतो. दहा महिन्यांच्या मुलाकडून आठ महिन्यांच्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवली की घरातील निम्मी घालमेल थांबते.

बाळाने झोपताना उताणेच असावे, कारण झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. मात्र मान, खांदे आणि पाठ यांची ताकद जागेपणी पोटावर खेळूनच वाढते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, अजून हिंडू-फिरू न लागलेल्या बाळांना दिवसभरात विभागून किमान अर्धा तास पोटावर ठेवावे असे म्हटले आहे. वॉकरबाबत मात्र मी आग्रहाने सांगते की तो घरात आणू नये. त्यात मूल पायाच्या बोटांनी जमीन ढकलते, हातांवर भार घेणे शिकत नाही आणि क्षणात जिन्यापर्यंत पोहोचते. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली, ती अशा अपघातांमुळेच.

कळवा, आई

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो वाचून कोणी घाबरू नये, पण तो सांगणे मला आवश्यक वाटते. माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना पोटावर सरपटे, मात्र केवळ उजव्या हाताने. डावा हात अंगाखाली दुमडलेला आणि मूठ मिटलेली असे. घरचे म्हणत की ती उजवी आहे. परंतु वर्षाच्या आत मूल सतत एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या बाजूची तपासणी व्हायला हवी, असे डॉक्टरांनी सांगितले. डाव्या बाजूचे स्नायू कडक असल्याचे निदान झाले आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार सुरू झाले. ही केंद्रे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहेत. तो कार्यक्रम २०१३ साली, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला सुरू झाला. या केंद्रांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत उपचार मोफत मिळतात.

घरी आम्ही तिची डावी मूठ हळूहळू उघडून तळहात जमिनीवर टेकवत असू आणि छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तिला त्या हातावर थोडा थोडा भार घ्यायला लावत असू. ती रांगली, उशिरा आणि किंचित तिरकी, पण दोन्ही हातांवर रांगली. बाळ रांगते की नाही एवढेच न पाहता, दोन्ही बाजू सारख्या चालतात का, हेही आवर्जून पाहावे.

ऐरोली, पाळणाघर चालवणारी मावशी

मूल सरकू लागण्याआधीच स्वतः गुडघ्यांवर बसून घर पाहावे. दिवाणाखालची नाणी, रिमोटमधले चपटे सेल, चार्जरची लोंबती वायर उभ्याने दिसत नाही. बाथरूमचे दार बंद ठेवावे, कारण अर्ध्या बादली पाण्यातही मूल बुडू शकते. पावसाळ्यात फरशी दिवसभर दमट राहते, म्हणून ती कोरड्या फडक्याने पुन्हा पुसून मगच मुलांना खाली सोडावे.

खारघर, आई

आमची मुलगी कधीच रांगली नाही. ती बसल्या बसल्या बूड घासत घरभर हिंडली आणि सोळाव्या महिन्यात चालली. डॉक्टरांनी तिचे खुबे आणि स्नायू तपासले, सर्व ठीक होते. तिचे बाबाही लहानपणी असेच सरकत, हे सासूबाईंना तेव्हा आठवले आणि ही सवय पुष्कळदा घराण्यात असते, असे डॉक्टर म्हणाले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने तर २०२२ साली वाढीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणे वगळलेच. घोडबंदरच्या ताई, आपली मुलगी पोटावर दोन्ही दिशांना सारखीच फिरते का, तेवढे मात्र पाहून येथे कळवावे.