सर्जनशील लेखनाची पदवी : लेखक घडतो की लेखनाचा प्राध्यापक?

पाटीपेन्सिल

माझ्या भाचीला अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत सर्जनशील लेखनाच्या एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. एक मध्यपश्चिमेतले सरकारी विद्यापीठ असून तेथे पूर्ण शुल्कमाफी आणि वर विद्यावेतन आहे. दुसरे न्यूयॉर्कमधले खासगी विद्यापीठ असून तेथला सगळा खर्च कर्ज काढून करावा लागेल. घरच्या चर्चेत माझे मत कोणालाच पटले नाही, म्हणून ते येथे मांडतो. या पदवीमुळे लेखकाच्या कारकिर्दीला वळण लागते हे मला मान्य आहे. मात्र ते वळण लेखनाकडे कमी आणि अध्यापनाकडे जास्त जाते.

हा सारा व्याप कसा वाढला ते पाहावे. आयोवा विद्यापीठाने १९२२ साली प्रबंधाऐवजी कविता-कथा स्वीकारायला मान्यता दिली आणि १९३६ साली विल्बर श्रॅम यांच्या देखरेखीखाली तिथली लेखन-कार्यशाळा सुरू झाली. पुढे १९४१ ते १९६५ पर्यंत पॉल एंगल तिचे संचालक होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४ च्या कायद्याने सरकारने उचलल्यामुळे विद्यापीठांत विद्यार्थ्यांची रीघ लागली, आणि आयोवात शिकून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांनी इतरत्र जाऊन तसेच अभ्यासक्रम उभे केले. १९६७ साली अशा अभ्यासक्रमांची देशव्यापी संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्यात तेरा अभ्यासक्रमांचे प्रतिनिधी होते. आज ही संख्या काही शेकड्यांत आहे. कथा-कवितांचे वाचक त्या पटीत वाढले असे कोणी म्हणणार नाही. वाढल्या त्या शिकवणाऱ्यांच्या जागा, आणि एमएफए ही त्या विषयातली अंतिम, म्हणजे सर्वांत वरची, पदवी मानली जात असल्याने त्या जागांवर याच पदवीचे लोक बसले. मार्क मॅकगर्ल या अभ्यासकाने २००९ साली हेच दाखवून दिले, की युद्धोत्तर अमेरिकी कथासाहित्य विद्यापीठे वगळून समजून घेताच येत नाही. आता त्या जागाही भरल्या आहेत. पदवीधर दर वर्षी हजारोंनी बाहेर पडतात आणि त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखी, पुढच्या सत्राची शाश्वती नसलेली नोकरी येते. अशा नोकरीत लिहायला वेळ कुठून मिळणार?

निळी शाई

मी ही पदवी घेतली आहे, तीही शुल्कमाफीवर, एका सरकारी विद्यापीठातून, त्यामुळे माझे मत पूर्वग्रहदूषित आहे असे खुशाल समजावे. आपण मॅकगर्ल यांचा दाखला दिलात, पण त्यांचा निष्कर्ष मात्र सांगितला नाहीत. विद्यापीठांच्या आश्रयामुळे अमेरिकी कथासाहित्य खालावले असे ते म्हणत नाहीत. उलट या काळात सकस लेखनाचे प्रमाण वाढले, असाच त्यांचा एकूण सूर आहे. तो पटो वा न पटो, त्यांना आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभे करता येणार नाही.

वर्गात नेमके काय घडते, हे सांगितल्याशिवाय ही चर्चा हवेत राहील. एका आठवड्यात दोघांचे लेखन चर्चेला असते. आधीच्या आठवड्यात सर्वांना प्रती द्यायच्या, प्रत्येकाने समासात टिपणे आणि शेवटी पानभर अभिप्राय लिहून आणायचा, आणि चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचे नाही, असा तिथला जुना नियम. माझी पहिली कथा दहाव्या दिवशीच्या विधीवर होती. नदीकाठी पिंड ठेवले आहेत, कावळा शिवत नाही, आणि थोरला भाऊ सगळ्यांसमक्ष 'मी जमिनीची वाटणी मागणार नाही' असे म्हणतो. तरीही कावळा येत नाही, शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावतात. वर्गाने बराच वेळ तो कावळा कशाचे प्रतीक आहे यावर काथ्याकूट केला. एकाने तो पहिल्या पानावरच आणावा, म्हणजे शेवटी त्याचे येणे-न येणे 'कमावलेले' वाटेल, अशी सूचना केली. मी नियमाप्रमाणे गप्प बसले होते, आणि आतून चरफडत होते.

मात्र घरी येऊन प्रती चाळल्या तेव्हा एका मुलाचे टिपण सापडले. तो नेब्रास्कातल्या मका पिकवणाऱ्या कुटुंबातला होता. त्याने त्या एका वाक्याखाली रेघ ओढून लिहिले होते, की ज्याला खरोखरच वाटणी नको असते तो माणूस लोकांसमोर असे बोलून स्वतःला बांधून घेत नाही; चारचौघांत बोलतो तो हिशेब करून बोलतो. त्याला पिंड म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण भावाभावांत जमीन कशी तुटते ते त्याने पाहिले होते. त्या एका शेऱ्याने थोरल्या भावाचे पात्रच बदलले आणि कथा त्याची झाली. आजही माझे लेखन सर्वांत आधी तोच वाचतो. मी प्राध्यापक झाले नाही. एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते आणि पहाटे कथा लिहिते. त्या अभ्यासक्रमाने मला नोकरी दिली नाही, वाचक दिला, आणि तो दिला म्हणून मी लिहिणे सोडले नाही. कारकीर्द म्हणजे केवळ पगाराची नोंद असे आपण धरलेत, तेथेच आपला हिशेब चुकतो.

खडूस वाचक

एक चांगला वाचक मिळावा म्हणून दोन-तीन वर्षे आणि सातासमुद्रापलीकडचा प्रवास, हा सौदा आमच्या पचनी पडत नाही. ब्रिटिश कादंबरीकार हनीफ कुरेशी स्वतः इंग्लंडमधल्या विद्यापीठात हाच विषय शिकवत असताना २०१४ साली जाहीरपणे म्हणाले, की हे अभ्यासक्रम म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. शिकवणाऱ्यालाच असे वाटत असेल तर शिकणाऱ्याने काय समजायचे?

आपल्याकडे नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाईगिरी केली, पुढे शिक्षक झाले आणि कविता लिहिली. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, विंदा करंदीकर इंग्रजी शिकवत. प्राध्यापकी त्यांनीही केली, पण शिकवण्याचा विषय वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा राहिला, म्हणून त्यांच्या लेखनात वर्गाची हवा शिरली नाही. त्यांचे लेखन तपासणारे होते ते संपादक. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर जी मेहनत घेत, ती कोणती कार्यशाळा घेईल? अमेरिकेतही तेच दिसते. रेमंड कार्व्हर यांच्या कथा ज्या कोरड्या, तुटक शैलीसाठी गाजल्या, ती शैली बऱ्याच अंशी गॉर्डन लिश या संपादकाच्या कात्रीची होती. काही कथा त्यांनी निम्म्याहून अधिक कापल्या होत्या. दिलीप चित्रे आयोवाच्या त्याच कार्यशाळेला गेले होते हे खरे, पण ते जाण्यापूर्वीच कवी म्हणून सिद्ध झालेले होते.

लिंबोणी

एक दुरुस्ती आवश्यक आहे. दिलीप चित्रे १९७५ साली आयोवा सिटीला गेले ते आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमासाठी, एमएफएच्या कार्यशाळेसाठी नव्हे. गाव एक, विद्यापीठ एक, पण हे दोन स्वतंत्र कारभार आहेत. आंतरराष्ट्रीय उपक्रम पॉल एंगल आणि चिनी कादंबरीकार न्ये ह्वालिंग यांनी १९६७ साली सुरू केला. त्यात वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत, पदवीही नाही. वेगवेगळ्या देशांतल्या, आधीच नाव झालेल्या लेखकांना काही महिने तेथे राहून लिहिता-बोलता येते, इतकेच. त्यामुळे चित्रे यांचे उदाहरण पदवीच्या बाजूनेही देता येत नाही आणि विरुद्धही नाही.

राहिला 'सत्यकथे'चा मुद्दा. तिथल्या संपादनाबद्दल मला आदरच आहे, पण एका साच्यातल्या कथेबद्दलची तक्रार केवळ विद्यापीठांच्या वाट्याला आली असे समजू नये. 'सत्यकथा' छापाची कथा हा शब्दप्रयोग मराठीत हेटाळणीनेच वापरला जात होता, आणि १९६९ साली राजा ढाले व त्यांच्या लघुनियतकालिकांच्या मित्रांनी त्या मासिकाची होळी केली ती काही उगाच नव्हे. चार-पाच माणसांच्या आवडीवर काय छापले जाईल हे ठरू लागले, की लिहिणारे त्या आवडीला धरून लिहू लागतात, मग ती माणसे संपादकाच्या खोलीत बसलेली असोत वा वर्गातल्या टेबलाभोवती. वर्गातल्या माणसांना निदान तोंडावर विचारता येते.

पैसा कोठून आला हा प्रश्न मात्र येथे कोणीच विचारला नाही. एरिक बेनेट, जे स्वतः आयोवाच्या कार्यशाळेतून बाहेर पडले, त्यांनी दाखवून दिले आहे की एंगल यांनी शीतयुद्धाच्या काळात साम्यवादाला उत्तर म्हणून आपल्या कामाची ओळख करून देत उद्योगपतींकडून आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाकडून निधी उभा केला. १९६७ साली त्यांना फारफील्ड प्रतिष्ठानाकडून रक्कम मिळाली, आणि ते प्रतिष्ठान म्हणजे सीआयएचा पैसा फिरवण्याचा मार्ग होता. विचारसरणीपेक्षा एकट्या माणसाचा डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा अनुभव मोठा, ही कार्यशाळेतली शिकवण त्या वातावरणात रुजली, असे बेनेट यांचे म्हणणे आहे. त्यातले सगळे मला पटत नाही, कारण तपशीलावर भर देणारे लेखन त्याच्या कितीतरी आधीपासून होते. पण नारायण सुर्वे यांची कविता तशा टेबलावर ठेवली असती तर 'यातली घोषणा काढा' असा शेरा आला असता, याची मला जवळजवळ खात्री आहे.

पाटीपेन्सिल

मॅकगर्ल यांच्याबद्दलचा आक्षेप मान्य नाही. त्यांनी मांडलेली वस्तुस्थिती स्वीकारून त्यांचा निष्कर्ष नाकारण्याचा अधिकार वाचकाला आहेच.

कार्व्हर यांचे उदाहरण मात्र नीट पाहायला हवे, कारण ते दोन्ही बाजूंना थोडे अडचणीचे आहे. त्यांना लेखनाचे पहिले धडे चिको येथील महाविद्यालयात कादंबरीकार जॉन गार्डनर यांनी दिले, म्हणजे वर्गातच दिले. १९६३ साली ते आयोवाला गेले, पण तरुण वयात दोन मुले पदरात असताना पैसा पुरेना, आणि ते पदवी न घेताच परतले. त्यानंतर सॅक्रामेंटोच्या एका रुग्णालयात रात्रपाळीला झाडलोट करून त्यांनी कथा लिहिल्या. आणि १९७३ साली त्याच आयोवाने त्यांना शिकवायला बोलावले. म्हणजे पदवीने जे दिले नाही ते छापून आलेल्या कथांनी दिले. त्या काळात हे शक्य होते. आज प्राध्यापकाच्या जाहिरातीत पदवी लागते आणि शिवाय प्रकाशित पुस्तकही लागते. भाचीला पदवी मिळेल, पुस्तकाची हमी कोण देणार?

निळी शाई

पुस्तकाची हमी कोणीच देत नाही, प्रकाशकही नाही. पण कार्व्हर यांना आयोवा सोडावे लागले ते पैशामुळे, शिकवणुकीमुळे नव्हे, हे आपल्याच वर्णनातून दिसते. त्यांना पुरेसे विद्यावेतन मिळाले असते तर झाडलोट करण्याची वेळ आली नसती, आणि झाडलोट केल्यामुळे कथा चांगल्या झाल्या असे म्हणणे म्हणजे लेखकाच्या दारिद्र्याचे कौतुक करणे होय. ते कौतुक सहसा पगारदार माणसेच करतात.

कार्यशाळेच्या दोषांबद्दल माझे लिंबोणी यांच्याशी बव्हंशी एकमत आहे. लेखिका सान्ड्रा सिस्नेरोस यांनी १९७८ साली आयोवाची पदवी घेतली. त्यांनीच अनेकदा सांगितले आहे, की घराच्या प्रतिमेवरची एक चर्चा ऐकताना त्यांना प्रथमच जाणवले, की माळा-तळघर असलेली, आठवणींनी भरलेली ती घरे आपल्या अनुभवात कधी नव्हतीच. होती ती शिकागोतली भाड्याची घरे. वर्गातल्या कोणालाच लिहिता येणार नाही असे काही लिहायचे, या ईर्षेने त्यांनी जे सुरू केले त्याचे पुस्तक १९८४ साली ह्यूस्टनच्या एका लहान प्रकाशनाने काढले आणि पुढे ते अमेरिकेतल्या शाळाशाळांत पोहोचले. कादंबरीकार जुनो डियास यांनीही २०१४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या आपल्या कार्यशाळेच्या गोऱ्या एकसुरीपणावर सणसणीत लेख लिहिला. त्यानंतर लेखकाने गप्प बसण्याचा नियम अनेक ठिकाणी सैल झाला. आता काही वर्गांत लेखकच प्रश्न विचारतो आणि इतरांनी त्यांची उत्तरे द्यायची असतात. मला तशी सोय असती तर त्या कावळ्यावरची चर्चा पाच मिनिटांत मिटली असती.

खडूस वाचक

म्हणजे संस्थेने दुखावले, त्या रागातून पुस्तक झाले, आणि श्रेय संस्थेला! या न्यायाने आमच्या गणिताच्या मास्तरांनाही साहित्य अकादमी मिळायला हवी. चित्रे यांच्याबाबतची दुरुस्ती ठीक आहे, पण 'सत्यकथा' जाळता आली, कारण ती एक मासिक होती आणि तिच्यापुढे दुसरी मासिके काढता आली. शेकडो विद्यापीठे एकाच पद्धतीने शिकवत असतील, त्यांचेच पदवीधर नियतकालिकांचे संपादक असतील आणि पुरस्कारांचे परीक्षकही असतील, तर बाहेरच्या माणसाने काय जाळायचे?

लिंबोणी

हा आक्षेप खरा वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. इतकेच म्हणेन, की सगळेच अभ्यासक्रम एका मुशीतले नाहीत. १९७६ साली व्हर्माँटमधल्या गॉडर्ड महाविद्यालयात एलन ब्रायंट व्होइट यांनी, वर्षातून थोडेच दिवस एकत्र यायचे आणि बाकीचा काळ घरी राहून शिक्षकाशी पत्राने काम करायचे, असा अभ्यासक्रम सुरू केला. नोकरी, संसार सांभाळणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, तो सोयीचा ठरला. पत्राने चालणारे ते काम संपादकाच्या कामाच्याच जवळचे आहे, खडूस वाचक यांना ते आवडावे. गॉडर्ड महाविद्यालय मात्र २०२४ साली बंद पडले. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली अभ्यासक्रम निघाला तेव्हा पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले इयन मॅक्युअन हे पहिले आणि एकटेच विद्यार्थी होते. नंतर कादंबरीकार काझुओ इशिगुरो तिथूनच १९८० साली बाहेर पडले. एक विद्यार्थी असलेल्या वर्गात कसला साचा तयार होणार?

पाटीपेन्सिल

भाचीला हा सगळा मजकूर वाचायला दिला. न्यूयॉर्कचा नाद तिने सोडल्यासारखा दिसतो, पण सरकारी विद्यापीठाला होकार देण्यावर ती ठाम आहे आणि माझा विरोधही कायम आहे. तिथल्या विद्यावेतनाच्या बदल्यात तिला पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवावे लागणार आहे. एका सत्रात किती तुकड्या, हे पत्रात लिहिलेले नाही.

निळी शाई

ते आधी विचारावे, कारण एक तुकडी आणि दोन तुकड्या यांत लिहायला मिळणाऱ्या वेळाचा फरक फार मोठा असतो. दोन तुकड्यांचे निबंध तपासण्यातच शनिवार-रविवार जातात. विद्यावेतन बारा महिन्यांचे आहे की नऊ महिन्यांचे, आणि आरोग्यविमा त्यात धरला आहे का, हेही विचारावे. पाच वर्षांपूर्वीच्या तुकडीतले लोक आज काय करतात, हे विभागाला न विचारता थेट त्यांनाच विचारावे. अर्थसाहाय्यासह प्रवेश देणारी बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा देतात. त्याआधी कोणी घाई करत असेल तर तसे त्यांना स्पष्ट लिहावे.