फॉल्सेटोच्या सरावासाठी कराओकेचे गाणे कोणते घ्यावे?

दादरकर (मूळ मुद्दा)

गेली दोन वर्षे मी दादरमधील एका लहान सभागृहात दर शनिवारी भरणाऱ्या कराओके मंडळात गातो आहे. फॉल्सेटोचा, म्हणजे छातीचा जोर सोडून गायल्या जाणाऱ्या हलक्या, पातळ आणि उंच आवाजाचा विषय निघाला की तेथील बहुतेक पुरुष गायक नवशिक्याला एकच वाट दाखवतात : किशोर कुमार यांची यॉडलिंगची (भरीव आणि पातळ आवाजात झरझर उड्या मारण्याची) गाणी घ्या. ‘अंदाज’ (१९७१) मधील ‘जिंदगी एक सफर है सुहाना’ हे गाणे तर जणू या सरावाचा पहिला धडाच मानले जाते.

माझ्या मते सुरुवातीच्या सरावासाठी ही निवड चुकीची आहे. यॉडलिंगचे सगळे सौंदर्य भरीव आवाजातून पातळ आवाजात घेतलेल्या झटक्यात असते. पातळ स्वर क्षणभर लागतो आणि आपण लगेच खाली उतरतो, त्यामुळे तो सुरात होता की नव्हता आणि त्यातून हवा किती निसटली, हे तपासायला सवडच मिळत नाही. फॉल्सेटोत स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात, पण ते पूर्ण मिटत नाहीत. मधली फट राहते आणि श्वास झरझर संपतो. ही फट शक्य तितकी कमी करून स्वर लांबवता येणे हाच खरा सराव आहे, आणि त्यासाठी संथ लयीचे, लांब ठेहरावांचे गाणे हवे. म्हणून पुरुषांनी स्त्रियांची संथ गाणी मूळ पट्टीतच (मूळ ‘सा’च्या उंचीवर), ट्रॅकची म्हणजे साथीच्या वाद्यसंगीताची पट्टी न बदलता, संपूर्ण फॉल्सेटोत गावीत असे मी सुचवतो. मी स्वतः सुमन कल्याणपूर यांची ‘निंबोणीच्या झाडामागे’ ही अंगाई सहा महिने रोज गायलो. पूर्वी अर्ध्या ओळीत संपणारा श्वास आता पूर्ण ओळ पेलतो. ही वाट इतरांनी का धरू नये, हे मला जाणून घ्यायचे आहे.

ठाण्याचा गायक

आपल्या निष्ठेबद्दल आदर आहे, परंतु ‘मूळ पट्टीतच’ हा आपला आग्रह हिशेबात टिकत नाही. काळी एक पट्टीत (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ मानून) गाणाऱ्या पुरुषाचा आवाज साधारणपणे तार (वरच्या) सप्तकातील गंधाराच्या, म्हणजे ‘ग’च्या, आसपास मोडतो; त्याच्या खाली तो भरीव आवाजात सहज गातो आणि त्याच्या वर त्याला एक तर जोर लावावा लागतो, नाही तर फॉल्सेटोत शिरावे लागते. आता गायिकेची पट्टी काळी पाच धरली, तर तिचा मध्य सप्तकातील पंचम (‘प’) हा बरोबर आपल्या तार गंधाराइतका उंच येतो. याचा अर्थ असा की तिच्या गाण्यातील षड्जापासून मध्यमापर्यंतचा (‘सा’ ते ‘म’) सगळा पूर्वांग आपल्या भरीव आवाजाच्या प्रदेशातच पडतो. तेथे हट्टाने फॉल्सेटो लावला तर स्वर पोकळ येतो, शब्द ऐकू जात नाहीत आणि ते ऐकू जावेत म्हणून गायक नकळत घसा आवळतो. मुखडा पूर्वांगात आणि केवळ अंतरा उत्तरांगात (‘प’पासून वरच्या स्वरांत), अशी रचना असलेली गाणी स्त्रियांच्या गाण्यांमध्ये भरपूर आहेत. गायिका स्त्री आहे एवढ्यावरून ते गाणे फॉल्सेटोच्या सोयीचे ठरत नाही. त्यातील सर्वांत खालचा स्वर कोणता, हे आधी पेटीवर लावून पाहावे.

मी असे गाणे निवडेन ज्यात एका ओळीत भरीव आणि पुढच्या ओळीत पातळ आवाज येतो. ‘हाफ टिकट’ (१९६२) मधील ‘आके सीधी लगी दिल पे’ हे सलील चौधरी यांनी संगीतबद्ध केलेले युगलगीत किशोर कुमार यांनी एकट्याने, पुरुषाच्या आणि स्त्रीच्या अशा दोन्ही आवाजांत गायले आहे. येथे झटका प्रत्येक अक्षराला येत नाही, त्यामुळे पातळ आवाज तपासायला आपल्याला हवी असलेली सवड मिळते, आणि पुरुषाच्या ओळी येतात तेव्हा घशाला विश्रांतीही मिळते. ज्या सांध्यावर आवाज मोडतो तो सांधा टाळून सहा महिने फक्त पलीकडच्या काठावर गात राहिल्याने सांधा दुरुस्त होत नाही.

गिरगावची गानशिक्षिका

मला आपल्या दोघांशीही मूलभूत मतभेद नोंदवायचा आहे. आमच्या परंपरेत या आवाजाला ‘खोटा आवाज’ म्हणतात आणि ते नाव अवमान करण्यासाठी पडलेले नाही. विद्यार्थी अवघड स्वर टाळून सोपी पळवाट धरतो तेव्हा गुरू त्याला सावध करतात, त्यातून ते आले आहे. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधील ‘ओ दुनिया के रखवाले’ या गाण्यात मोहम्मद रफी तार सप्तकात किती वर जातात आणि तेथेही आवाजाचा भरीवपणा कसा सुटत नाही, हे एकदा लक्षपूर्वक ऐकावे. माझ्याकडे येणारे अनेक तरुण कराओकेमध्ये फॉल्सेटो गाऊन येतात आणि तार षड्जावर पोहोचण्याआधीच आवाज सोडून देतात, कारण त्यांना तशी सवय लागलेली असते. आधी वर्षभर मंद्र (खालच्या) सप्तकातील खर्जाची साधना आणि खुला आकार (‘आ’ वर मोकळ्या आवाजात गाणे), आणि त्यानंतरच हवा असेल तर पातळ आवाज, हा क्रम बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही कोणाला गाणे निवडायचेच असेल तर वरच्या स्वरावर कोणता स्वरवर्ण (‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ यांपैकी) येतो हे पाहावे, ज्याचा उल्लेख आतापर्यंत कोणीच केलेला नाही. पातळ आवाज ‘ऊ’ आणि ‘ई’ वर सहज लागतो; ‘आ’ वर तोंड मोठे उघडताच तो विरतो किंवा फाटतो. यॉडलिंगमध्येसुद्धा खालचा स्वर बहुधा ‘ओ’ किंवा ‘आ’ वर आणि वरचा ‘ई’ किंवा ‘ऊ’ वर असतो, तो याच कारणाने. ज्या गाण्यात अंतऱ्याचा सर्वोच्च स्वर ‘आ’ वर ताणलेला आहे, ते नवशिक्याने बाजूला ठेवावे.

वांद्र्याचा गायक

आपली सगळी चर्चा हिंदी आणि मराठी गाण्यांभोवतीच फिरते आहे. बी जीज या गटाचे १९७७ चे ‘स्टेइंग अलाइव्ह’ त्यांचे गायक बॅरी गिब यांनी जवळजवळ पूर्णपणे फॉल्सेटोत गायले आहे, त्यामुळे पट्टीचा हिशेब करण्याची गरजच उरत नाही. त्या आवाजात ठसठशीत व्यंजने कशी उच्चारावीत, हे मी त्याच गाण्यावर शिकलो. मात्र अ-हा या गटाचे ‘टेक ऑन मी’ (१९८५) कोणीही सरावाला घेऊ नये. त्याचा विस्तार अडीच सप्तकांहून अधिक आहे आणि ध्रुवपद (परत परत येणाऱ्या ओळी) खालून पायरी पायरीने चढत शेवटी उंच फॉल्सेटोत जाऊन थांबते. कराओकेच्या मंचावर ते सर्वांना हवे असते आणि शेवटच्या पायरीवर बहुतेकांचा आवाज किंचाळीत बदलतो.

डोंबिवलीकर

गाण्याइतकेच महत्त्व आपण ते कोठे आणि कसे गातो यालाही आहे. मुंबईतील आपल्यासारखी बहुतेक माणसे एक-दोन खोल्यांच्या घरात, रात्री लोकलमधून परतल्यावर, कानाला हेडफोन लावून आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून दबक्या आवाजात सराव करतात. मीही वर्षभर असेच केले, आणि ज्याला मी फॉल्सेटो समजत होतो ती कुजबुज होती. कुजबुजीत स्वर जवळपास नसतोच, नुसती हवा असते आणि घसा कोरडा पडतो. सभागृहात मात्र ध्वनियंत्रणेवरचा एको (प्रतिध्वनीचा परिणाम) इतका वाढवलेला असतो की तीच कुजबुज गोड वाटते. म्हणून मी दादरकरांच्या अंगाईच्या निवडीला विरोध करतो : हळू गाण्याचे गाणे हळू आवाजाला आमंत्रण देते. ज्यात वाद्यमेळ भरलेला आहे आणि आवाज थोडा तरी फेकावाच लागतो, असे गाणे घ्यावे आणि आठवड्यातून एकदा एको पूर्ण बंद करून ध्वनिमुद्रण ऐकावे.

दादरकर

सर्वांचे मनापासून आभार. ठाण्याच्या मित्रांच्या सांगण्यावरून मी काल पेटी घेऊन बसलो आणि माझा आवाज जेथे मोडतो त्या स्वराशी ती अंगाई ताडून पाहिली. मुखड्यातील बरेच स्वर मी फॉल्सेटोची गरज नसताना फॉल्सेटोत गात होतो, हे मला मान्य करावे लागते. ज्या ओळींवर माझा श्वास सर्वांत लवकर संपत असे त्या नेमक्या याच होत्या. तेव्हा ‘मूळ पट्टीतच’ हा शब्द मी मागे घेतो. ट्रॅक तीन-चार अर्धस्वर वर नेऊन पाहिला, पण मग अंतरा आवाक्याबाहेर जातो आणि वाद्यांचा नादही बिघडतो. म्हणजे केवळ पट्टी बदलून हा प्रश्न सुटणारा नाही, उत्तरांगात राहणारेच गाणे शोधावे लागेल.

यॉडलिंगने सुरुवात करू नये, हे माझे मत मात्र कायम आहे, आणि ओळीओळीने आवाज बदलणारे युगलगीत त्यापेक्षा बरे, हे मी स्वीकारतो. गानशिक्षिकाताईंना माझी नम्र विनंती आहे की त्यांनी खर्जसाधना आणि फॉल्सेटो यांना एकमेकांचे वैरी ठरवू नये. सकाळी पंधरा मिनिटे खर्ज लावल्यानंतर माझा पातळ आवाज अधिक स्थिर लागतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

गिरगावची गानशिक्षिका

तो खर्जाचा परिणाम आहे, फॉल्सेटोचा नव्हे. एवढ्यावरून मी माझा क्रम बदलणार नाही. परंतु आपण पेटी घेऊन बसलात आणि स्वर ताडून पाहिलेत, याचा मला आनंद झाला. आता तेच गाणे एकदा शब्द सोडून नुसत्या ‘ऊ’ वर म्हणा, मग शब्द घाला, आणि कोणत्या अक्षरावर आवाज फुटतो ते लिहून ठेवा.

ठाण्याचा गायक

ती अक्षरे येथेही नोंदवावीत, ही विनंती. माझ्या बाबतीत युगलगीतातही ‘आ’ वरच आवाज फुटतो, हे काल रात्री लक्षात आले.