सेरेब्रल पाल्सी असलेल्या विद्यार्थ्याचे वर्गातील लेखन

प्रश्न – शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा
माझ्या पाचवीच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेला एक विद्यार्थी आहे. त्याचे आकलन उत्तम असून तोंडी गणिते तो झटपट सोडवतो. परंतु हातांच्या ताठरपणामुळे त्याचे लेखन फार संथ होते आणि फळ्यावरचे उतरवून होईपर्यंत पुढचा तास सुरू झालेला असतो. त्याला इतरांपासून वेगळे न पाडता मदत कशी करावी?

उत्तर – व्यवसायोपचार तज्ज्ञ
बाई, आधी त्याची बैठक पाहावी. पाय अधांतरी राहिले, तर तोल सांभाळण्यातच मुलाची शक्ती खर्च होते आणि हात अधिक आखडतात. तळपाय पूर्ण टेकतील असा पाट खाली ठेवावा, बाकाची उंची साधारण कोपराच्या पातळीला असावी आणि वही घसरू नये म्हणून चिकटपट्टीने बसवावी. घाईनेही ताठरपणा वाढतो. म्हणून ‘लवकर आटप’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत.

उत्तर – विशेष शिक्षक
फळ्यावरून उतरवून घेणे त्याच्यापुरते थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या मुलाच्या वहीची छायाप्रत द्यावी आणि त्याच प्रकारची वीस गणिते देण्याऐवजी पाच द्यावीत, कारण आपल्याला त्याचे गणित तपासायचे आहे, हाताचा वेग नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. तो उपकार नसून हक्क आहे. मात्र लेखनिकाला उत्तर सांगणे हेही एक कौशल्य आहे. वाक्य मनात जुळवून, विरामचिन्हांसह आणि न अडखळता सांगण्याचा सराव पाचवीपासूनच व्हावा, कारण दहावीच्या तोंडावर तो साधत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (दिव्यांगांसाठीचे यूडीआयडी कार्ड) पालकांनी आताच काढून घ्यावे.

उत्तर – पालक
माझी मुलगी कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा) लावून चालते. तिच्या आधीच्या शाळेत पायऱ्यांऐवजी उतार (रॅम्प) होता, पण स्वच्छतागृहात धरायला दांडी नव्हती. तिथे जावे लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे आणि हे आम्हाला फार उशिरा कळले. उतारासाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण बहुतेकांना ठाऊक असते, पण या दांडीचा विचार क्वचितच होतो. आपला विद्यार्थी शाळेत पाणी पितो का, हे कृपया त्याला एकांतात विचारावे.