पाहुण्याला बेळगावात पहिला घास कशाचा? कुंद्याचा नको, खानावळीतल्या भाकरीचा द्या

टिळकवाडीकर

येत्या शनिवारी ठाण्याहून मावसभाऊ बायकामुलांना घेऊन येतोय. फोन लागल्या लागल्या म्हणाला, "कुंदा घेऊन ठेव." कुंदा म्हणजे आमची खव्याची मिठाई. दरवेळी हेच. माणसं येतात, किलोभर कुंद्याचा डबा उचलतात आणि चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला उतरतात. बेळगावात जेवलं कुणीच नाही!

यंदा मी त्याला आधी खानावळीत नेणार. समोर हातानं थापलेली जोंधळ्याची भाकरी, तेल सुटलेली एण्णगाई म्हणजे भरलं वांगं, मोडाच्या मुगाची पल्या म्हणजे भाजी, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, वर घट्ट दही. बाजूला कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा. आणि रंजका. ओली लाल मिरची, लसूण, मेथी, लिंबू. बोटाच्या टोकावर घ्यावा एवढाच, खरं त्याशिवाय ताट पुरं होत नाही. एण्णगाईचं वांगं देठासकट चिरलेलं, आत दाणे-तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि देठ चोखून खायचा. मला विचाराल तर सगळ्या बेळगावात यापेक्षा चांगलं ताट नाही. पटत नसेल तर सांगा, पण कारण देऊन सांगा.

शहापूरचा

नाही पटत. हे ताट चांगलं आहे, मीही खातो. खरं ते धारवाड-हुबळीकडचं. तिथं गल्लोगल्ली खानावळी आहेत. पाहुण्याला ते "बेळगावचं" म्हणून वाढलंत तर आमच्या घरात जे शिजतं त्याला काय म्हणायचं?

आमचं शहापूर आता बेळगावातच, खरं १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. आमच्या चुलीनं अजून ते वळण सोडलेलं नाही. रविवारी शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतून सकाळी दहाला चालत जा. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा वास प्रत्येक दारातून येतो. रश्श्याला संकेश्वरी मिरची, ब्याडगी फक्त रंगापुरती. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा सगळ्यांना ठाऊक, आमचा रस्सा कुणी विचारत नाही, कारण आमच्या हॉटेलांनीच तो कधी मनावर घेतला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

कॅम्पातला खवय्या

दोघंही घरचं आणि खानावळीचं सांगताय. हॉटेलचा पदार्थ विचाराल तर नियाजची बिर्याणी. परगावी गेलेली आमची पोरं सुट्टीला आली की घरी जायच्या आधी तिथं बसतात. यापुढं मला काही बोलायचं नाही.

खानापूरची सून

मांडे विसरलात की सगळे! अहो, मुक्ताईनं ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो, "मनातले मांडे" रोज म्हणतो, आणि जिथं ते अजून खरोखर भाजले जातात तिथं राहून पाहुण्याला वांगं वाढायचं?

माझ्या लग्नात मांडे करायला एक आजी आल्या होत्या. पुरीएवढी लाटी, आत पिठीसाखर. ती दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत नेली, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. मग उलट्या कढईवर टाकली आणि क्षणात घडी घातली. गार झाली की कुरकुरीत. वाटीत चुरून वर गरम दूध ओतायचं. आता बायकांना हे शिकायला वेळ नाही आणि लग्नात मांड्यांचं ताट नुसतं मानाचं म्हणून ठेवतात, खात कुणी नाही. पाहुण्याला पहिला घास याचाच द्यावा.

हुक्केरीचा गवळी

टिळकवाडीकर, तुम्ही कुंद्याला डब्यातली वस्तू म्हणालात ते मनाला लागलं. आमच्या वडिलांनी वीस वर्षं खवा आटवला. पाच लिटर म्हशीचं दूध आटलं की किलोभर खवा पडतो, तेवढ्या वेळात हात थांबला की तळाला लागतं. मग मिठाईवाला तोच खवा साखरेबरोबर परत परततो, तपकिरी होऊन दाणा पडेपर्यंत. राजस्थानातून आलेल्या मिठाईवाल्यांनी कुंदा इथं रुजवला, आता तो आमचा झाला. गोकाकचं करदंटही तसंच: कन्नडमध्ये तळलेला डिंक असा अर्थ, आत सुका मेवा आणि गूळ. या दोन गोष्टींवर खेड्यांतली किती घरं चालतात याचा विचार करा.

आणि एक सांगतो. कढईतून काढल्या काढल्या, कोमट कुंदा खाल्लाय का तुम्ही? पानावर चमचाभर. नसेल खाल्ला, तर तुम्ही कुंदा खाल्लेलाच नाही.

टिळकवाडीकर

नाही खाल्ला. कबूल. डब्यातलाच खाल्लाय आणि त्यावरून बोललो, ते चुकलं.

खरं शहापूरकरांचं "धारवाडचं ताट" मी मान्य करणार नाही. बेळगाव कुठं बसलंय बघा. पश्चिमेला खानापूर: सह्याद्रीचा पाऊस, भात. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती: काळी माती, जोंधळा. दोन्हीकडच्या गाड्या आमच्याच बाजारात रिकाम्या होतात. म्हणून खानावळीत भाकरी संपली की भात आणि कटाची आमटी येते, आणि वाढणारा माणूस माझ्याशी मराठीत, शेजारच्याशी कन्नडमध्ये बोलतो. हे ताट आणखी कुठलं असणार?

गेल्या वर्षी हायवेवरच्या एका हॉटेलात "बेळगाव स्पेशल" थाळी मागवली, तर पनीर, रोटी आणि गुलाबजाम. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

शहापूरचा

भूगोल बरोबर सांगितलात. तरी माझं मत तेच. आमच्या रश्श्यालाही तोच बाजार लागतो, मग त्याला मागं का ठेवायचं? शनिवारी खानावळ करा. रविवारी सगळे आमच्याकडे या, हिनं वाटण आदल्या रात्रीच काढायचं ठरवलंय. मुलांना तिखट सोसत नसेल तर आधी सांगा, त्यांचा रस्सा वेगळा काढू.

खानापूरची सून

मांडे हवे असतील तर उद्याच सांगावं लागेल. आजींच्या लेकीला विचारते, ती अजून करते.

टिळकवाडीकर

वहिनी, आठ मांडे सांगा. मुलं तिखट खात नाहीत, धाकटी तर अजिबातच नाही. आणि शनिवारी ज्याला यायचंय त्यानं साडेबारालाच खानावळीत पोचा. दीडनंतर मावशी भाकरी थापायच्या थांबतात, मग डब्यातली कडक भाकरी वाढतात. तीही चांगली असते, पण पहिल्या घासाला तव्यावरचीच हवी.