स्वित्झर्लंडला आठ रात्री, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट: शिधा काय आणि किती न्यावा?

अबोली
मे महिन्यात आम्ही पाच जण (तीन मोठे, दोन शाळकरी मुलं) इंटरलाकेनला राहणार आहोत. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे. सगळे शाकाहारी. नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरी, दुपारी डबा. तूप नेता येतं का? डाळ-तांदूळ किती लागतील? कुकर न्यावा का? आणि उपम्याचं मिश्रण घरून करून न्यायचं तर ते टिकेल कसं?

मेतकूट
तूप नेऊ नका. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ स्वतःच्या खाण्यापुरतेही नेता येत नाहीत. पनीर, खवा, पेढे, बर्फी सगळं त्यात आलं. चहाच्या प्रीमिक्समध्ये दूध पावडर असते, तेही घरीच ठेवा. रेडी-टू-ईट पाकिटं घेताना मागचे घटक वाचा, दाल मखनीत लोणी किंवा साय असते. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीला सूट आहे, पण तुम्हाला ती लागणार नाही.

ताजा कढीपत्ता, मिरच्या, आलं, लिंबंही नकोत. ताजी फळं-भाजी न्यायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. वाळवून किंवा परतून कुरकुरीत केलेला कढीपत्ता चालतो.

तुपाची सोय तिथे छान होते. कोऑप किंवा मिग्रो या तिथल्या सुपरमार्केटमध्ये 'ब्राटबुटर' मागा. ते कढवलेलं लोणीच असतं, मेतकूट-भातावर घ्यायला उत्तम. दूध-दही तिथलंच घ्या, दोन्ही सुरेख मिळतं.

खडीसाखर
प्रमाण सांगते. तांदूळ नेऊच नका, बासमती तिथे सहज मिळतो, उगाच बॅगेचं वजन वाढतं. मसूर डाळही 'रोटे लिन्झेन' नावाने मिळते. मुगाची डाळ मात्र साध्या दुकानात मिळेलच असं नाही, ती न्या. पाच जणांच्या एका खिचडीला 250 ग्रॅम तांदूळ आणि 125 ग्रॅम डाळ. चार वेळा खिचडी आणि दोनदा वरण धरलं तर 800 ग्रॅम डाळ पुरते. डाळ घरीच कोरडी भाजून न्या, लवकर शिजते.

उपम्यासाठी 300 ग्रॅम जाड रवा पाच जणांना एका वेळी होतो. आधी तेलात (तुपात नाही) मोहरी, जिरं, हिंग, सुकी मिरची आणि धुऊन पूर्ण कोरडा केलेला कढीपत्ता. पान बोटात चुरलं की कडकन मोडलं पाहिजे, वाकलं तर अजून परता. सगळी गंमत इथेच आहे. त्या पानात ओलावा राहिला की चार दिवसांत रव्याला कुबट वास लागतो. मग रवा घालून मंद आचेवर 10-12 मिनिटं, शेवटी मीठ-साखर. ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा, कोमट भरलात तर आत वाफ धरते. तिथे तिप्पट उकळतं पाणी घातलं की झालं. तेलाचा हात मात्र सढळ ठेवा.

पाणचक्की
कुकर न्यायच्या आधी मालकाला विचारा: शेगडी इंडक्शनची की साधी काचेची? दोन्ही दिसायला सारख्याच. इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, बुडाला चुंबक चिकटतो का पाहा. साध्या काचेच्या शेगडीवर तो चालतो, पण बूड सपाट हवं, गोल बुडाची कढई निरुपयोगी. ही शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. म्हणून एक शिट्टी आधीच कुकर बाजूला घ्या, आणि दूध उतू जायच्या बेतात आलं की बटण बंद करू नका, सरळ भांडं उचला.

कुकर नसेल तर तुरीच्या डाळीच्या नादी लागू नका, मूग किंवा मसूरच. इंटरलाकेन साधारण 570 मीटरवर आहे, तिथे फारसा फरक पडत नाही. पण कुणी वर डोंगरातल्या म्युरेन गावी (1,640 मीटरच्या आसपास) राहणार असेल तर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं आणि डाळ हटून बसते.

विजेचा राइस कुकर नेणार असाल तर स्विस अडॅप्टरच घ्या. तिथल्या सॉकेटला षटकोनी खोबण आणि तीन गोल भोकं असतात, जर्मनीचा जाड गोल प्लग त्यात बसत नाही. मोबाइलच्या चार्जरचा बारीक दोन पिनांचा युरोपीय प्लग बसतो.

फोडणी करताना चिमणी चालू करा, हिंग-मिरचीच्या धुराने अलार्म वाजतो.

मेतकूट
बांधाबांधीचं राहिलं. लोणचं आणि सगळे मसाले चेक-इन बॅगेतच, हातातल्या सामानात अडवतात. उंचीवर दाब कमी झाला की बरणीतली हवा फुगून तेल बाहेर ढकलते, त्यामुळे तोंडाला प्लॅस्टिक लावून झाकण घट्ट करा आणि वर दोन झिप पिशव्या. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या नकोत, विमानतळावर अडतात. कीस भाजून चटणीत घाला. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहा, नुसती पिवळी पूड पाहून कुणी बॅग उघडली तर समजावत बसावं लागत नाही.

अबोली
तिकीट दुबईमार्गे स्वस्त मिळतंय. काही फरक पडेल का?

खडीसाखर
खसखस! संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, आणि गोडा मसाल्यात ती बहुतेक घरी घालतात. खसखशीविना मसाला करून घ्या, चवीत फार उणं राहत नाही.

पाणचक्की
आणि खरेदीचं: रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारीही लवकर मिटतात. मे महिन्यात बहुधा ऑफार्टची (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाची) गुरुवारची सुट्टीही येते, तारीख आधी बघून ठेवा. कोऑप इंटरलाकेन ओस्ट स्टेशनसमोर आहे आणि मिग्रो वेस्ट स्टेशनजवळ. स्वस्तातलं हवं तर मिग्रोत 'एम-बजेट', कोऑपमध्ये 'प्री गारान्ती' ही लेबलं शोधा. सुट्टी भाजी स्वतः काट्यावर ठेवायची, फळीवरच्या पाटीवरचा आकडा दाबायचा आणि निघालेलं स्टिकर पिशवीला लावायचं. ते नसेल तर गल्ल्यावरून परत पाठवतात, आणि मागे रांग लागलेली असते.